ईएफ (हृदयाचं पंपिंग) ६० टक्के, तरी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ (हृदय नीट सैल न पडण्याची पहिली पायरी). व्यायाम कसा आखावा?

पायरीदोन:
पुरुष, वय ५०, वजन ८८ किलो, कंबर ९८ सेंमी. ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, उपाशीपोटी शुगर १०८, बीपी १३८/८८. म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोमचे (कंबर, चरबी, शुगर, बीपी एकत्र बिघडण्याचे) पाचही निकष भरले, तीनच पुरतात. छातीत दुखत नाही, पण दोन जिने चढले की धाप लागते. इकोत ई/ए ०.७. पंपिंग उत्तम असेल, तर व्यायामाने नेमकं सुधारणार काय? आणि आधी वजन की आधी व्यायाम?

जवनिका:
ईएफ म्हणजे दर ठोक्याला डावी जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकते ते. तुमची अडचण रक्त टाकण्याची नाही, भरून घेण्याची आहे. बीपी, इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी आणि पोटातली चरबी यांनी स्नायू जाड आणि ताठर होतो, ठोक्यानंतर पटकन सैल पडत नाही. मग सुरुवातीचा भरणा (ई) कमी आणि अलिंदाने (वरच्या कप्प्याने) शेवटी ढकललेला (ए) जास्त. बसल्या जागी हे भागून जातं. जिन्यावर नाडी वाढली की भरायला वेळच उरत नाही, म्हणून धाप.

एक गोची: पुढच्या इकोत ई/ए १.१ आला तर लगेच पेढे वाटू नका. आजार पुढे सरकला तरी हा आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. सोबत ई/ई-प्राइम (भरतानाच्या दाबाचा अंदाज देणारा इकोतला आकडा) आणि डाव्या अलिंदाचा आकार पाहावा लागतो. वयानेही ई/ए उतरतोच.

नाडीपरीक्षा:
आधी-नंतर नको, दोन्ही एकदम. नाडीचा हिशेब असा: २२० वजा वय ५० = १७०, ही अंदाजे कमाल नाडी. सकाळची विश्रांतीची नाडी ७६ धरली तर फरक ९४. त्याचे ४० ते ६० टक्के म्हणजे ३८ ते ५६. ते ७६ मध्ये मिळवा. ११४ ते १३२ मध्ये राहा. बोलता यावं, गाता येऊ नये. आठवड्याला १५० मिनिटं हे ध्येय, पण पहिले दोन आठवडे रोज १५-२० मिनिटंच.

शेवटची पाच मिनिटं वेग उतरवत आणा. एकदम थांबलात तर रक्त पायांत साचतं, बीपी पडतं, चक्कर येते. आठवड्यातून दोनदा वजनांचे व्यायाम, १०-१५ वेळा उचलता येईल एवढंच वजन. उचलताना श्वास सोडायचा. दम कोंडून जोर लावला की बीपी भसकन चढतं.

पायरीदोन:
बीटा-ब्लॉकर (नाडी आणि बीपी उतरवणारी गोळी) चालू आहे, हे लिहायचं राहिलं.

नाडीपरीक्षा:
मग वरचा हिशेब बाद! गोळी नाडी वर जाऊच देत नाही. ११४ गाठायच्या नादात जास्त ताण घ्याल. ० ते १० मध्ये दमणूक ५-६ ठेवा. शिवाय जिन्यावर धाप लागते, तेव्हा वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारून ट्रेडमिल टेस्ट करून घ्या.

मोजपट्टी:
वजनाबद्दल. ५ ते १० टक्के, म्हणजे साडेचार ते नऊ किलो, आठवड्याला अर्ध्या किलोच्या गतीने. एवढ्यानेही बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड हलतात. नुसत्या चालण्याने काटा फारसा हलत नाही, खाणं कमी करावंच लागतं. पण नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो.

कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा, श्वास सोडून. पोट आत ओढून नव्हे. वजन उतरत असताना एचडीएल थोडा घसरू शकतो, घाबरू नका. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर बीपीच्या गोळीचा डोस जास्त होत असेल. तो डॉक्टरांनी ठरवायचा, आपण अर्धी करून नाही.

दर महिन्याला इको काढण्यात हशील नाही. त्याऐवजी चालून पाहा: तेच अंतर, तोच रस्ता, तेवढाच वेळ. पोहोचल्यावर दमणूक ६ वरून ४ वर आली का, ते लिहून ठेवा. छातीवर दाब, घेरी किंवा आडवं पडल्यावर धाप आली तर मात्र व्यायाम बंद आणि लगेच दवाखाना.