अनुभव धागा: नागपूरचा उन्हाळा, वयात येणारी मुलं आणि पाण्यावरचे दोन तास

धाग्याची सुरुवात मीच करते. आम्ही प्रतापनगरात राहतो. लेक पंधरा वर्षांची, दहावीत गेलेली. धाकटा नऊचा. सासूबाई सोबत असतात आणि आम्ही दोघंही नोकरीवर. मार्च संपला की फ्रिजवर वेळापत्रक चिकटतं आणि शाळा उघडेपर्यंत घर त्या कागदावर चालतं. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे आमच्याकडे हा कागद जरा जास्तच दिवस टिकतो.

यंदा लेकीचं असं होतं: पहाटे साडेपाचला बॅडमिंटन, आठ ते दहा दहावीचा क्लास, संध्याकाळी सहाला कथ्थक, शनिवारी चित्रकला. धाकट्याचं पोहणं आणि बुद्धिबळ. जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. दुपारी सगळ्यांनी घरात, पडदे ओढून, कूलरसमोर. इथलं वेळापत्रक ऊन ठरवतं. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दुपारी अंगणातल्या नळाला हात लावता येत नव्हता, असं सासूबाई अजून सांगतात. त्यांच्या कुरडया मात्र त्या उन्हात एका दिवसात खडखडीत वाळल्या होत्या, हेही न विसरता सांगतात.

मे महिन्याच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की लेक आणि मी फक्त स्कूटरवर बोलतो. तेही दोघींच्या तोंडाला दुपट्टा बांधलेला. "बाटली घेतली?" "हं." "क्लासला काय झालं?" "काही नाही." महिना असाच गेला.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळं रद्द केलं आणि रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर गेलो. कामठी, कन्हान, मनसर करत पन्नासेक किलोमीटरवर रामटेक. आधी गडावर दर्शन, मग खाली तलाव. डब्यात दशम्या, कांद्याची चटणी, थर्मासमध्ये कैरीचं पन्हं. मे महिन्यात पाणी बरंच मागे सरकलेलं असतं. भेगाळलेल्या चिखलावरून चालत धक्क्यापर्यंत जावं लागलं. नवरा आणि धाकटा एका पेडल बोटीत, लेक आणि मी दुसरीत. मधला दांडा मी धरला होता आणि आमची नाव नुसती गोल फिरत होती. तिनं शांतपणे माझा हात बाजूला केला. "आई, तू फक्त पाय मार. दिशा मी बघते."

काठापासून जरा आत गेल्यावर आवाज थांबतात. पायांखाली पाण्याची चबक चबक तेवढी ऐकू येते. समोर बघत, माझ्याकडे न वळता, ती म्हणाली, "मला बॅडमिंटन नको आहे. गेल्या वर्षीपासून नको आहे." मी पाय मारत राहिले. तिनं एकेक करत सगळं सांगितलं. तिला खेळ आवडत होता, पण निवड चाचण्यांची भीती बसली होती, आणि आम्ही रॅकेटला एवढे पैसे घातले म्हणून ती बोलत नव्हती. पंधरा वर्षांच्या मुलीनं आमच्या खर्चाचं ओझं वर्षभर एकटीनं वाहिलं, आणि मी रोज पहाटे तिला वेळेवर पोचवून धन्य होत होते. हे मला फार लागलं.

घरी आल्यावर वेळापत्रकातली पहिली ओळ खोडली. तिनं स्वतः खोडली.

तुमच्याकडे उन्हाळा कसा जातो? मुलं पाण्यावर कशी रमतात, काय चुकलं, काय जमलं, सगळं लिहा. मोठं असलं तरी चालेल.

*

मानेवाडा, बाबा

मी थोडक्यातच लिहितो, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात नाव उलटली आणि आपल्या शहरातली तरुण पोरं गेली. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्या आठवड्यात मी ठरवलं की आधी पोहणं, मग नाव. सलग तीन उन्हाळे तरणतलाव केला. क्लास बुडाला तरी चालेल, पोहणं बुडणार नाही, असा घरात नियमच होता.

आता तो सोळाचा होतोय. मित्रांबरोबर एखाद्या धरणावर जायचं म्हणतो. मी नाही म्हणत नाही. तीन गोष्टी विचारतो. नाव कोणाची, जॅकेट किती, माणसं किती? माणसं जॅकेटांपेक्षा जास्त असली की उत्तर त्याला माहीत आहे. आणि पोहता येतं म्हणून जॅकेट नको, असं तो एकदाच म्हणाला होता. मी त्याला कपडे आणि बूट घालून तलावात चार फेऱ्या मारायला लावल्या. दुसरी फेरी पूर्ण झाली नाही.

*

जरीपटका, वय १६

इथे सगळे आईबाबा लिहीत आहेत, म्हणून मी लिहिते. मी नेव्हल एनसीसीत आहे. लोक विचारतात, नागपुरात कुठला समुद्र? समुद्र नाही, पण तलाव आहेत आणि वल्ही आहेत.

आमच्या बोटीला व्हेलर म्हणतात. सत्तावीस फुटी, जड. पाच जण वल्ही मारतात, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन, आणि मागे कॉक्सन सुकाणू धरतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, जोर लावला की बोट पळेल. माझं वल्हं पाण्यात तिरकं गेलं, अडकलं आणि दांडा पोटात बसला. पुढच्या मुलीच्या पाठीकडे बघायचं, ती वाकली की आपण वाकायचं, ही गोष्ट शिकायला मला पंधरा दिवस लागले. पाचही वल्ही एकत्र पाण्यात गेली की एकच आवाज येतो. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा कोणीच काही बोललं नाही. नंतर काठावर आल्यावर सगळ्याच ओरडलो.

आईला एक सांगायचं आहे, ती हे वाचते म्हणून. तू रोज विचारतेस, थकलीस का. हो, थकते. हाताला फोड आले आहेत. पण शाळेत दिवसभर बसून येतो तो थकवा आणि हा थकवा वेगळा आहे. या थकव्यानंतर झोप लागते.

*

नंदनवन, आई, नर्स

माझी ड्यूटी पाळीची. नवऱ्याचं दुकान. आम्हाला खिंडसी वगैरे जमलं नाही, एकही रविवार मोकळा मिळाला नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

आमच्या गल्लीत चार घरांनी मुलांची ने-आण वाटून घेतली. सकाळची फेरी माझी, रात्रपाळी करून येतानाच. संध्याकाळची शेजारच्या काकूंची. मुलाचा फुटबॉल सुटला नाही तो या काकूंमुळे. आणि आठवड्यातून एकदा, रात्री साडेआठ-नऊला, आम्ही तिघं फुटाळा तलावावर जातो. नावेत बसत नाही. काठावर बसतो, पाण्यावरून येणारा वारा घेतो, बर्फगोळा खातो. तेरा वर्षांचा मुलगा एरवी खोलीचं दार लावून असतो. तिथे तासभर बसतो, आणि बोलतोही.

उन्हात खेळणाऱ्या मुलांसाठी नर्स म्हणून एवढंच: लघवी पिवळी गर्द होऊ लागली की समजा पाणी कमी पडतंय. घाम थांबला, डोकं गरगरलं, मूल असंबद्ध बोलू लागलं तर "थोडं पडून राहा" म्हणू नका. अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

*

भंडारा जिल्हा, मामा

माझी बहीण नागपूरले राहते. तिचा पोरगा दर मे महिन्यात माझ्याकडे येते. आमच्या गावाला जुना मालगुजारी तलाव आहे. उन्हाळ्यात पाणी कंबरेएवढं, मधात जरा जास्त. गावातले ढिवरभाऊ डोंगा घेऊन मासोळीले जातात.

पोरगा चौदाचा झाला तेव्हा म्हणे, मामा, मले डोंगा चालवाचा आहे. मी ढिवरकाकांना विचारलं. ते म्हणाले, आधी जाळं झटकायले ये. आठ दिवस पोट्टा पहाटे चार वाजता उठून जाळं झटकत होता, मासोळ्या निवडत होता. बहीण फोनवर विश्वासच ठेवत नव्हती. नवव्या दिवशी काकांनी त्याच्या हातात बांबू दिला. डोंग्यात उभं राहून बांबू तळाला टेकवायचा आणि रेटायचा. बांबू चिखलात रुतला अन् डोंगा पुढे गेला, तर बांबू सोडायचा. धरून ठेवला तर माणूस बांबूवर आणि डोंगा पुढे! पोट्ट्यानं पहिल्या दिवशी तीनदा पाणी चाखलं. काका काठावरून एकच शब्द सांगत, "सोड. सोड."

यंदा त्याले नागपुरात दोन शिबिरं होती म्हणून तो आठच दिवस आला. कमी वाटलं. बहिणीले माझी विनंती आहे, पुढच्या वर्षी एक शिबिर कमी कर.

*

वर्धमाननगर, बाबा

आमचा दिवस वाया गेला असं मुलीला वाटतं, मला वाटत नाही. शहराबाहेरच्या एका तलावावर गेलो होतो, नाव घेत नाही. तिकिटं काढली, रांगेत तासभर उभे राहिलो. नावेत चढताना जॅकेट दिलं, तर त्याचं बक्कल तुटलेलं, दोऱ्यानं बांधलेलं. दुसरं मागितलं तर मोठ्या माणसाच्या मापाचं. खांदे धरून वर उचललं की जॅकेट मुलीच्या कानांपर्यंत सरकत होतं. पाण्यात पडली तर ते डोक्यावरून निघूनच जाणार. नाववाला म्हणाला, साहेब, दहा मिनिटांची तर फेरी.

मी उतरलो. बारा वर्षांची मुलगी सगळ्या रांगेसमोर रडली. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही. तिच्या मैत्रिणी त्याच नावेतून हसत परत आल्या होत्या, त्यामुळे माझी बाजू तिला पटणं शक्य नव्हतं. आता तिच्या मापाचं जॅकेट विकत घेतलंय. छातीला घट्ट बसतं, पायांमधून पट्टा आहे, शिट्टी लावलेली आहे. ते तिच्या कपाटात टांगलेलं असतं. गेल्या आठवड्यात तिनं स्वतःहून घालून बघितलं.

*

अंबाझरी लेआउट, आई

तुमचे सगळे अनुभव वाचून मी चार दिवस लिहू की नको करत होते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या घरात पाणी शिरलं. अंबाझरी तलाव भरून वाहिला होता आणि नाग नदी रस्त्यावर आली होती. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. अंधारात वीज गेलेली, फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. त्याला आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चढवलं. घर महिन्याभरात उभं राहिलं. मुलाचं तसं झालं नाही. पाऊस सुरू झाला की तो रात्री उठून जमिनीला हात लावून बघायचा, ओली आहे का म्हणून. पोहायला जायचा, ते बंद केलं. ज्या तलावाकाठी तो लहानपणी रोज संध्याकाळी धावायचा, तिथून गाडी न्यायची नाही असं सांगायचा.

आम्ही समुपदेशन घेतलं, त्याचा उपयोग झाला. पण पाणी नकोच होतं. पहिल्या उन्हाळ्यात चित्रकला, तबला, जे म्हणेल ते. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या जुन्या शिक्षकांनी तरणतलावाच्या काठावर नुसतं पाय सोडून बसायला बोलावलं. तो रोज बसायचा. अठराव्या दिवशी उतरला.

या मे महिन्यात तो म्हणाला, पेंचला जाऊ. कोलितमाऱ्याला नावेत बसायचं ठरलं. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी धक्क्यावर त्यानं स्वतःच्या जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, मग माझे, मग बाबांचे. नाव सुटली तेव्हा त्यानं माझी ओढणी मुठीत धरली होती. दोन्ही बाजूंना जंगल, वाळलेलं सागाचं रान, आणि पाणी अगदी स्थिर. नावाड्यानं सांगितलं की पेंचचंच हे पाणी पुढे नागपूरला पिण्यासाठी जातं.

मुलगा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. "म्हणजे आपल्या नळाला येतं ते?" नावाडी म्हणाला, "तेच."

त्यानं ओढणी सोडली, कडेवरून वाकून हात पाण्यात घातला आणि परत येईपर्यंत बाहेर काढला नाही.