वर्गप्रतिनिधी झाले आहे, पण अधिकार नक्की काय असतात?

नवी_प्रतिनिधी:
एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्याच विभागात. निवडणूक वगैरे काही झाली नाही. विभागप्रमुखांनी वर्गात विचारलं, मुलांनी माझं नाव घेतलं. आता रोज कुणी ना कुणी अडवतं. मोठी तक्रार पुनर्मूल्यांकनाची आहे. त्याचा निकाल यायच्या आत पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपते, मग मुलं बॅकलॉगची फी भरून मोकळी होतात. परीक्षा विभागात विचारलं की "अजून वरून आलं नाही." कुणी हे काम केलंय का?

वाचनकक्ष_रात्रपाळी:
मी केलंय, दुसऱ्या विद्यापीठात. आधी कायद्याचं सांगतो. 1994 च्या कायद्यात गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायचे. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या, 2019 मध्ये त्या होणार म्हणून तयारीही झाली आणि पुढे ढकलल्या गेल्या. त्यामुळे तुझ्यासारखे प्रतिनिधी विभागाच्या सोयीने नेमलेले असतात. अधिकार फारसे नाहीत, पण वर्गाच्या वतीने लेखी मागायला तुला कुणी अडवू शकत नाही. माझ्या मते खरं काम तेच.

तोंडी काही मागू नकोस. अर्जाच्या दोन प्रती काढ. आवक खिडकीवर एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तरी तिथंच थांब, पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. पुढच्या वेळी "तुमचा अर्ज आलाच नाही" म्हणाले की तो क्रमांक सांगायचा. आवाज चढवायची गरजच पडत नाही.

आणि गाडं नेमकं कुठं अडलंय ते शोध. आमचा वाचनकक्ष संध्याकाळीच बंद व्हायचा. सगळे ग्रंथपालांवर चिडलेले. बाईंशी नीट बसून बोललो तेव्हा कळलं, त्या तयारच होत्या, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक मंजूर नव्हता. ग्रंथालयाच्या नावाने लिहिलेले आधीचे सगळे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून होते! आम्ही कुलसचिवांच्या नावे फक्त रक्षकाची मागणी केली. परीक्षेच्या महिन्यापुरता का होईना, कक्ष रात्री उघडा राहिला. खोली भाड्याने घेऊन चौघं-पाचजण राहणाऱ्या मुलांना त्याचं मोल विचार.

तुझ्या बाबतीत निकाल लवकर लावा असं मागू नकोस, ते परीक्षकांवर अवलंबून आहे. मागणी अशी कर: पुनर्मूल्यांकनाला अर्ज केलेल्यांना फॉर्मची मुदत वाढवावी, आणि पास झाल्यास भरलेली फी परत मिळावी. अर्ज परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत.

मोर्चातला:
अर्जबिर्ज ठीक आहे, पण प्रशासन ऐकतं ते गेटवर गर्दी झाल्यावरच. संघटनेला बोलव, ताई.

वाचनकक्ष_रात्रपाळी:
दादा, मोर्च्याला माझा विरोध नाही. पण गेटवर गेल्यावर आत बोलावतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "लेखी दिलं होतं का?" त्याआधी अजून एक दार आहे. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे जाता येतं. निकालातली दिरंगाईही त्या नियमांत तक्रार म्हणून धरलेली आहे.

नवी_प्रतिनिधी:
खूप आभार, दादा. एक अडचण आहे. काही मुलं सही करायला घाबरतात, इंटर्नलचे मार्क विभागाच्या हातात आहेत म्हणून.

वाचनकक्ष_रात्रपाळी:
त्यांना मुळीच भरीस पाडू नकोस. अर्जावर तुझी एकटीची सही, "वर्गाच्या वतीने". सोबत कुणाचं नाव नको, आसनक्रमांकही नको, किती जणांची फी अडकली तेवढा आकडा लिही. आणि पोच मिळाली की त्याच दिवशी वर्गाच्या ग्रुपवर तिचा फोटो टाक. आपलं काम कुठं पोचलंय हे वर्गाला कळलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी तुझ्याकडे कुणी येणार नाही.

नवी_प्रतिनिधी:
सोमवारी देते अर्ज. क्रमांक मिळाला की इथं कळवेन.