‘अ‍ॅव्हरेज’, ‘सरासरी’ आणि ‘छोटी गाडी’

नाशिककर:
वाहन उद्योगावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. विषय ‘कॅफे’ नियम, म्हणजे ‘कॉर्पोरेट अ‍ॅव्हरेज फ्युएल इकॉनॉमी’. मी ‘कंपनीची सरासरी इंधनक्षमता’ असं लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे कंपनीची गाडी अ‍ॅव्हरेज किती देते ते ना?” तिथेच अडले. बाबांचं अ‍ॅव्हरेज आणि नियमातलं अ‍ॅव्हरेज एकच आहे का? शिवाय ‘छोट्या गाड्यांना सवलत’ या मुद्द्यावर कंपन्या आपसांत भांडताहेत, पण कोण काय म्हणतंय ते ‘छोटी’ या शब्दामुळे मला धड मांडता येत नाही.

टेकडीजवळचा:
एक नाही, आणि हा फरक वाचकाला कळायलाच हवा. “गाडी काय अ‍ॅव्हरेज देते?” असं आपण विचारतो तेव्हा एकाच गाडीचं बोलतो. घाट, सिग्नल, एसी सगळं धरून लिटरमागे किती किलोमीटर, एवढाच अर्थ. नियम एका गाडीकडे बघतच नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या प्रवासी गाड्या घ्यायच्या, ज्या मॉडेलच्या जितक्या विकल्या तितकं त्याला महत्त्व द्यायचं आणि मग किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो ते काढायचं. त्या आकड्यावर भारतात मर्यादा आहे: २०१७-१८ पासून साधारण १३० ग्रॅम होती, २०२२-२३ पासून ११३. पेट्रोलच्या भाषेत लिटरला सुमारे १८ किलोमीटरवरून २१. पण प्रत्येक गाडीने २१ दिलेच पाहिजेत असं नाही. कंपनीची सरासरी तिथे बसली पाहिजे.

आणखी एक. आपल्या ‘लिटरला इतके’ या हिशोबाची सरासरी काढू नका, फसाल. एक गाडी लिटरला १० देते, दुसरी ३०. सरासरी २० वाटते. आता दोन्ही शंभर-शंभर किलोमीटर चालवा. पहिलीला १० लिटर, दुसरीला सव्वातीनच्या थोडं वर. दोनशे किलोमीटरला सव्वातेरा लिटरच्या आसपास, म्हणजे लिटरला १५. म्हणून हिशोब किलोमीटरमागच्या ग्रॅमचा असतो; जितकं इंधन जळेल तितका कार्बन डायऑक्साइड निघतो. ‘इंधनक्षमता’ऐवजी ‘इंधनवापर’ लिहिलंत तर निम्मा घोटाळा मिटेल.

वाचनालय:
‘ताफ्याची सरासरी’ कसं वाटतं? इंग्रजीत याला फ्लीटच म्हणतात.

शब्दवेडी:
नको. ताफा म्हणजे एकत्र निघालेल्या गाड्या. मंत्र्यांचा ताफा, वऱ्हाडाचा ताफा. कंपनीने विकलेली एक गाडी मालवणात असते, दुसरी जळगावात. ताई, तुम्ही ‘विक्रीनिहाय सरासरी’ लिहा. सरासरी विकलेल्या गाड्यांची आहे, हे त्या शब्दातच येतं.

‘छोटी’बद्दल मात्र मला पोटतिडकीने सांगायचंय, कारण सगळा वाद त्या शब्दातच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने एप्रिल २०२७ पासूनच्या नियमांचा मसुदा काढला. त्यात काही पेट्रोल गाड्यांना किलोमीटरमागे ३ ग्रॅमची सूट सुचवली होती. अटी तीन: रिकाम्या गाडीचं वजन ९०९ किलोपर्यंत, इंजिन १२०० सीसीपर्यंत, लांबी ४ मीटरपर्यंत. यातल्या लांबीच्या आणि इंजिनाच्या अटी जीएसटीतही आहेत. वजनाची नाही. टाटाची पेट्रोलवरची नेक्सॉन बघा. लांबी बसते, इंजिन बसतं, जीएसटीच्या लेखी ती छोटी. पण वजनाच्या काट्यावर ती बाहेर. मारुतीच्या अल्टो, वॅगनआर आत.

म्हणजे मसुद्यातली गाडी ‘छोटी’ नाही, ‘हलकी’ आहे. आपण ‘छोट्या गाड्यांना सवलत, टाटा-महिंद्राचा विरोध’ असं लिहितो तेव्हा या कंपन्यांना छोट्या गाड्याच नकोत असं वाचकाला वाटतं. त्या स्वतः चार मीटरच्या आतल्या गाड्या विकतात. त्यांचा आक्षेप वजनाच्या अटीवर आहे: वजनावरून सूट दिली तर तिचा लाभ बहुतेक एकाच कंपनीला, मारुतीला जाईल, आणि वजन कमी ठेवण्याच्या नादात सुरक्षिततेचं काय? मारुतीची बाजूही तितकीच नीट मांडायला हवी. कंपनीला गाठायची मर्यादा गाड्यांच्या सरासरी वजनाप्रमाणे बदलते. जड गाड्या विकणाऱ्याला ती सैल मिळते. मग मुळात कमी पेट्रोल पिणाऱ्या हलक्या गाडीलाच आणखी खाली उतरायला का सांगता, असं मारुतीचं म्हणणं. दुचाकीवरून चारचाकीकडे येणाऱ्याला परवडणारी गाडी हीच, हेही त्यांच्या मांडणीत असतं. इथे ‘हलकी’ आणि ‘स्वस्त’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. अनुवादात त्यांना वेगळं ठेवा.

टेकडीजवळचा:
पूर्ण सहमत. एक भर: विजेवर चालणारी एक गाडी या हिशोबात तीन धरली जाते. विजेच्या गाड्या जास्त विकणाऱ्याला त्याचा आधार मिळतो. त्यामुळे प्रत्येक कंपनीला नियमाचं वेगळं कलम प्रिय असतं.

वाचनालय:
म्हणूनच ‘वाहन उद्योगाची भूमिका’ हा एकवचनी शब्दप्रयोग टाळावा. अमेरिकेत २०१९ मध्ये फोर्ड, होंडा, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन यांनी कॅलिफोर्नियाशी कडक मर्यादेचा समझोता केला. जनरल मोटर्स, टोयोटा आणि फियाट क्रायस्लर त्याच वर्षी न्यायालयात, राज्याचा स्वतःची मर्यादा ठरवण्याचा अधिकार काढून घेणाऱ्या ट्रम्प सरकारच्या बाजूने उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सने त्यातून अंग काढून घेतलं. यातली कोणती ‘उद्योगाची भूमिका’?

नाशिककर:
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलंय: “कंपनीने वर्षभरात विकलेल्या गाड्यांच्या विक्रीनिहाय सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा आहे; ९०९ किलोपर्यंतच्या हलक्या पेट्रोल गाड्यांना त्यात सूट देण्याचा प्रस्ताव मारुतीला हवा होता, टाटा मोटर्स आणि महिंद्रा यांना नको होता.” लांबी आणि इंजिनाच्या अटी पुढच्या वाक्यात. बाबांनी वाचलं. आता त्यांनी ‘उत्सर्जन’ म्हणजे धूर का, असं विचारलंय.

शब्दवेडी:
नाही. धूर दिसतो, कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. पीयूसीत तपासतात ते विषारी वायू आणि काजळी, त्यांची मर्यादा बीएस-६ या प्रदूषणाच्या मानकात आहे. हा नियम जळलेल्या इंधनाचा. बाबांसाठी ‘उत्सर्जन’च्या आधी ‘इंधन जळून होणारे’ एवढे शब्द घाला.