पाल्मिरा: वाळवंटातल्या गावात एवढा पैसा आला कुठून?

सांजवारा
पाल्मिराचं नाव निघालं की राणी झेनोबिया आणि 2015 मध्ये इसिसच्या अतिरेक्यांनी केलेला विध्वंस, एवढंच वाचायला मिळतं. सीरियाच्या वाळवंटात असं देखणं शहर उभं राहिलं ते कशाच्या जोरावर? आणि आता तिथे बघण्यासारखं काही उरलंय का? जाणकारांनी लिहावं.

मुक्कामपोस्ट
जाणकार वगैरे नाही, पण युद्धाआधी नोकरीनिमित्त दमास्कसला होतो तेव्हा पाहून आलोय. झेनोबियाला घटकाभर बाजूला ठेवा. तिची सद्दी जेमतेम पाच वर्षांची. 272 मध्ये रोमन सम्राट ऑरेलियनने तिला हरवलं, पुढच्या वर्षी पुन्हा बंड झालं तेव्हा शहर लुटलं. त्याआधी दोन-अडीच शतकं हे गाव व्यापाऱ्यांचं होतं. एफ्का नावाचा गंधकाच्या पाण्याचा झरा, खजुरीच्या बागा, आणि भूमध्य समुद्राकडून फरात (युफ्रेटिस) नदीकडे जाणाऱ्या वाटेवरचा मोक्याचा मुक्काम. उंटही यांचे, वाटाडेही यांचे, तांड्याला राखण करणारे तिरंदाजही यांचेच.

मुख्य रस्त्यावर, किलोमीटरभराहून लांब खांबांच्या रांगेत, मान वर करून बघा. बहुतेक खांबांना वरच्या अंगाला दगडाचा ठोकळा बाहेर काढलेला. त्यावर पुतळा असायचा. देवाचा नव्हे, शेठजींचा! खाली मजकूर ग्रीक आणि पाल्मिरी अरमाईक अशा दोन्ही भाषांत. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव असतं ना, तोच सोस.

पैशाचा हिशोब हवा असेल तर इसवी सन 137 चा जकातीचा शिलालेख आहे. बाहेरून गुलाम आणला तर 22 दिनार (रोमन चांदीची नाणी). अलाबास्टर या मऊ दगडाच्या कुप्यांतलं सुगंधी तेल एका उंटाच्या ओझ्याइतकं आणलं तर 25. वेश्यांवरही कर होता, त्यांच्या दरानुसार. तो दगड मात्र आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात.

रानवाटा
काय उरलंय त्याबद्दल: तिथल्या मुख्य देवाच्या, बेलच्या मंदिराचा गाभारा (इसवी सन 32 ला अर्पण केलेला) आणि बालशामीन या दुसऱ्या देवाचं मंदिर ऑगस्ट 2015 मध्ये सुरुंग लावून उडवलं, ऑक्टोबरमध्ये कमान. बेलच्या गाभाऱ्याची दाराची चौकट तेवढी उभी राहिली. खांबांची रांग बरीचशी शाबूत आहे. 2017 मध्ये टेट्रापायलॉन (चार-चार खांबांच्या चार गटांची वास्तू) पाडलं, पण त्याच्या सोळा खांबांपैकी मूळचा एकच होता, बाकीचे 1960 च्या दशकात काँक्रीटचे ओतलेले. तिथल्या पुरातन वास्तूंचा कारभार चाळीस वर्षं सांभाळलेले खालेद अल-असद यांना ऑगस्ट 2015 मध्येच ठार मारलं. त्याची भरपाई कशानेच नाही.

अल-लात देवीचा दगडी सिंहही 2015 मध्येच फोडला होता. पंजांमध्ये हरीण जपून धरलेला, साडेतीन मीटर उंच. 2017 मध्ये सांधून दमास्कसच्या संग्रहालयासमोर ठेवलाय.

गडवेडा
हे लोक कल्याण-सोपाऱ्याला येत असत ना?

मुक्कामपोस्ट
सिंधूच्या मुखापर्यंत नक्की. 157 च्या एका लेखात स्किथियाहून परतलेल्या जहाजाचा उल्लेख आहे, आणि स्किथिया म्हणजे तोच भाग. माल इराणी आखातातून त्याच्या वरच्या टोकाच्या खाराक्स बंदरावर, पुढे उंटांवर. लेखात कल्याणचं नाव नाही, तेव्हा अभिमानापोटी ओढूनताणून जोडू नका. अवांतर: त्यांच्या मनोऱ्यांसारख्या थडग्यांत चिनी रेशमाचे तुकडे सापडलेत, त्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा.