प्रोजेक्टचे मार्क: ग्रुपमधल्यांनीच एकमेकांना द्यावेत का?

हिंगण्याचे सर
शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आमच्याकडे चौघांचा ग्रुप आणि चौघांनाही सारखे मार्क. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक जण सर्किटची तार न् तार समजावून सांगतो, दुसऱ्याला सेन्सर कुठे बसवलाय तेही ठाऊक नसतं. हा सरळसरळ अन्याय आहे. रात्री लॅबमध्ये कोण राबलं ते मला दिसत नाही, सोबतच्यांना दिसतं. त्यांनीच एकमेकांना पाचपैकी गुण द्यावेत, स्वतःला नाही. विद्यार्थ्याची सरासरी भागिले ग्रुपची सरासरी, आणि येईल त्या आकड्याने ग्रुपच्या मार्कांना गुणायचं. ग्रुपला ४०, ग्रुपची सरासरी ४, त्याची ३, तर त्याला ३०.

उमरेड अप-डाऊन
सर, मला नाही पटलं. माझ्या ग्रुपमधले तिघं एकाच रूमवर राहतात. मला सहाची एसटी पकडावी लागते. ‘ही लवकर पळते’ एवढंच त्यांना दिसतं. अख्खा रिपोर्ट मी घरी बसून टाइप केला, आकृत्यांचे नंबरसुद्धा मीच तीनदा सुधारले. ते कोण मोजणार? तिघांनी ठरवून मला ३ दिले, की माझे दहा मार्क गेले.

बर्डीवाला
ताई, तुमचं खरं आहे, पण सारखे मार्क दिले की फुकटे माजतात. फ्रान्सच्या रिंगलमन यांनी दोर ओढायला लावून हे मोजलं होतं, १९१३ मध्ये छापलं: माणसं वाढली की दर माणशी जोर कमी. आमच्या ग्रुपात एक जण वर्षभर नुसता ‘येऊन राहिलो’ म्हणत होता!

हिंगण्याचे सर
@उमरेड अप-डाऊन, म्हणून नुसता आकडा मागायचा नाही, वागणूक विचारायची. अमेरिकेत कॅटमी नावाची पद्धत आहे, तिच्यात पाच गोष्टी बघतात: कामातला वाटा, सोबत्यांशी वागणं, काम रुळावर ठेवणं, दर्जाचा आग्रह आणि लागणारं ज्ञान. तिघांनी एकीला पाडलं तर ते आकड्यांत उठून दिसतं, मग मी चौघांना बोलावून विचारीन.

उमरेड अप-डाऊन
बोलावल्यावर तिघं एकच सांगतील, सर. हा फॉर्म अर्ध्या सेमिस्टरला भरून घ्या, ज्याचं त्याला दाखवा, सुधारायला वेळ द्या. पण मार्कांना जोडू नका. मार्क तुम्ही एकेकाचा व्हायवा घेऊन आणि कामाची वही तपासून द्या. वेळ लागेल, मान्य. पण ते काम तुमचं आहे, आमच्यावर नका टाकू.