कापा की बरका? फणसाचे अनुभव इथे लिहा

मे महिना आला की शहरात कापा फणसाचे गरे पाकिटातून विकायला येतात. गरे खायचे, आठळ्या कचऱ्यात टाकायच्या. आपला फणसाशी संबंध एवढाच उरलाय. मऊ, रसाळ गऱ्यांच्या बरक्याला तर बाजारात कुणी वाली नाही, तो कोकणात झाडाखालीच सडतो. म्हणून हा धागा. अख्खा फणस कसा पारखता, कसा फोडता, त्याचं काय काय करता, पोटाला मानवतो का, सगळं लिहा. नुसतं 'आजी छान करायची' नको, कसं करायची तेही सांगा.

राजापूर
आमच्याकडे झाडावरच ठोकून बघतात. कच्चा फणस टणटण वाजतो, तयार झालेला बदबद. काट्यांमधलं अंतर वाढलं आणि टोकं बोथट झाली की उतरवायचा. घमघमाट सुटला तर मग त्याच दिवशी फोडा. पिकलेल्या बरक्यात अंगठा रुततो, कापा टणक राहतो. कच्च्यात मात्र कापा-बरका ओळखणारा मला अजून भेटायचाय. (शेजारचे काका ओळखतात, पण त्यांना झाडं पाठ आहेत!) आठळी रुजवून लावलेलं झाड आईच्या वळणावर जाईल याची खात्री नाही, तेव्हा कलमच घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही कापा जात आहे. आणि सगळं मृगाच्या आत आटपा, पाऊस लागला की गरे पाणचट होतात.

ठाणे
फ्लॅटमध्ये फणस फोडायचा तर भरपूर रद्दी आणि खोबरेल हवं. हाताला, सुरीला, ओट्यालाही तेल. आडवा कापला की चीक पांढरा ठिबकायला लागतो. तो लगेच कागदाने टिपायचा, मग मधला पाव, म्हणजे गाभ्यातला दांडा, कापून काढायचा. पाव गेला की निम्मा त्रास गेला. गरे सुटे करताना वरची चारखंडं (गऱ्यांभोवतीचे चिवट तंतू) नीट काढा, नाहीतर ती दातात अडकतात. चिकट हात आधी तेलाने पुसायचे, साबण शेवटी. आधी पाणी लावलंत तर संपलंच!

सावंतवाडी
बरक्याचा गरा गिळायचा असतो, चावायचा नाही, हे ज्याला जमलं त्याला कापा बेचव लागतो. आमच्याकडे त्याचं सांदण होतं. गरे चाळणीवर घासून रस काढायचा. रसाइतकाच तांदळाचा रवा, आधी कोरडा भाजून. त्यात गूळ, चिमूटभर मीठ, थोडं नारळाचं दूध. रवा फुगेपर्यंत मुरू द्यायचं आणि वाटीत घालून इडलीसारखं वाफवायचं. नारळाच्या रसाबरोबर खायचं, तूप घ्यालच. उरलेला रस तूप लावलेल्या ताटात पातळ पसरून उन्हात टाकला की फणसपोळी. एका बाजूने सुकली की उलटा. ढगाळ दिवशी या भानगडीत पडू नका, बुरशी येते.

मडगाव
आमच्याकडे बरक्याला रसाळ म्हणतात. आणि आठळ्या टाकणाऱ्यांनी पाप केलंय! माती चोपडून सुकवलेली बिकणां (आमच्याकडे आठळ्यांना म्हणतात) पावसाळ्यात भाजीला, आमटीला येतात. भाजताना मात्र चीर द्या, नाहीतर फटाक्यासारखी उडतात.

नाशिक
मला मधुमेह आहे, म्हणून आकडे बघून खातो. 100 ग्रॅम पिकल्या गऱ्यात साधारण 95 कॅलरी आणि 19 ग्रॅम साखर. दोन-चार गऱ्यांवर थांबतो, तेही जेवणावर नाही. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी त्या मानाने परवडते. फणसाच्या पिठाने साखर पळते वगैरे फॉरवर्ड वाचून गोळ्या बंद करू नका. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या, पोटॅशियम बरंच असतं.

चिपळूण
गाडी चालवणाऱ्यांसाठी : 2025 मध्ये केरळात पंदळमच्या बस डेपोत फणस खाल्लेले चालक दारूच्या श्वासचाचणीत अडकले होते. न पिता! अति पिकलेला गरा आंबायला लागतो, म्हणून.

न्यू जर्सी
इथे एशियन दुकानात मेक्सिकोचा फणस कापून, वजनावर मिळतो. कापाच असतो, बरका पाहिला नाही. भाजीसाठी मिठाच्या पाण्यातला कोवळ्या फणसाचा डबा आणा, पाण्याने दोनदा धुऊन पिळून घ्या. साखरेच्या पाकातला चुकून उचलू नका, दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असतात. सावंतवाडीकर, या कापाच्या गऱ्यांचं मिक्सरमधून काढून सांदण होईल का?

सावंतवाडी
होईल. रेषा राहतात, गाळून घ्या. रस दाट निघेल, नारळाचं दूध थोडं वाढवा.