अभिजात नाटक सुरक्षित नसतं

‘हुकूमशाही नव्या संहितांवर तुटून पडते, अभिजात नाटकांना हात लावत नाही,’ असं एक मत मांडलं जातं, ते मला पटत नाही. पोलंडचं उदाहरण बघा. पोलिश कवी मित्सकिएविचचं ‘जादी’ हे रशियन झारच्या जुलमावरचं, १९व्या शतकातलं नाटक, तिथल्यांना राष्ट्रीय ठेव्यासारखं. १९६८च्या जानेवारीत कम्युनिस्ट सरकारने वॉर्साच्या राष्ट्रीय रंगभूमीवरचे त्याचे प्रयोग बंद केले. कारण झारविरोधी वाक्यं प्रेक्षक मॉस्कोला, म्हणजे सोव्हिएत सत्तेला, उद्देशून घेत होते, कडाडून टाळ्या देत होते.

आपल्याकडे नागपुरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांना बसलेल्या कुणालाही हे कळेल: टाळी पडली की वाक्याचा अर्थ लेखकाच्या हातात उरत नाही. (‘कीचकवध’वर इंग्रजांनी १९१०मध्ये बंदी घातली ती याच भीतीने.) वॉर्सात शेवटच्या प्रयोगानंतर विद्यार्थी निषेध म्हणून थेट मित्सकिएविचच्या पुतळ्यापाशी चालत गेले. नाटकाचे दिग्दर्शक देयमेक यांना कम्युनिस्ट पक्षातून काढलं आणि मार्चमध्ये विद्यापीठांत आंदोलनं पेटली.